निवृत्त कृषी अधिकारी बियाणे कंपनीत रुजू झाले तर त्यांना कोणता नियम लागतो?

पऱ्हाटीवाला (यवतमाळ जिल्हा)

नमस्कार मंडळी. प्रश्न थोडा लांबणार आहे, परंतु प्रसंग सांगितल्याशिवाय तो नीट विचारता येणार नाही.

माझी सहा एकर कोरडवाहू शेती आहे. यंदा दोन एकरांत पऱ्हाटी आणि तूर घेतली व उरलेल्या चार एकरांत एका खाजगी कंपनीचे सोयाबीन पेरले. त्यासाठी तालुक्याच्या कृषी केंद्रातून पक्क्या बिलावर चार बॅगा आणल्या होत्या. पेरणीपूर्वी पाऊस चांगला झाला होता आणि शेजारच्या वावरात त्याच दिवशी, त्याच ट्रॅक्टरने पेरलेले दुसऱ्या कंपनीचे बियाणे तासाला तास धरून उगवले. माझ्या वावरात मात्र दहा हात चालावे तेव्हा दोन-चार रोपे दिसत होती. मी कृषी कार्यालयात लेखी तक्रार दिली आणि काही दिवसांनी तालुक्याची तक्रार निवारण समिती पाहणीला आली.

समितीच्या गाडीमागून कंपनीची गाडी आली आणि तिच्यातून उतरले ते आमचे जुने साहेब. मार्च महिन्यापर्यंत ते आमच्याच तालुक्यात कृषी अधिकारी होते. बियाण्यांचे नमुने घेणे, कृषी केंद्रांची तपासणी करणे, तक्रार आली की पंचनामा लिहिणे ही सर्व कामे त्यांच्या हाताखाली चालत. आता ते त्या कंपनीचे सल्लागार आहेत. समितीतील तरुण अधिकारी त्यांना पाहून उठून उभे राहिले. धुऱ्यावरच्या बाभळीखाली मी एकच खुर्ची नेऊन ठेवली होती, ती त्यांना देण्यात आली. पुढे साहेबांनी माती हातात घेतली, दोन ठिकाणी उकरून पाहिले आणि म्हणाले, “पेरणी खोल पडलेली दिसते, ओलही कमी असावी.” लिहिणाऱ्याने नेमके तेच वाक्य पंचनाम्यात उतरवले. माझ्या शेजाऱ्याच्या वावराकडे कोणी फिरकले नाही.

साहेब वाईट मनुष्य आहेत असे मला म्हणायचे नाही, हे येथे स्पष्ट करतो. २०१७ साली आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसे दगावली, तेव्हा हेच साहेब तोंडाला बांधायचे मास्क आणि हातमोजे घेऊन गावोगाव फिरले होते. त्यामुळेच मला अधिक चमत्कारिक वाटले.

प्रश्न एवढाच आहे की ज्या कंपनीचे नमुने आपण तपासत होतो, तिच्याच नोकरीत निवृत्तीनंतर तीन महिन्यांत जाण्यास सरकारी अधिकाऱ्याला मोकळीक आहे काय? काही काळ थांबण्याचा नियम असतो असे ऐकले आहे. तो कोणाला लागतो आणि मोडला तर काय होते?

आस्थापना शाखा (निवृत्त), अमरावती

पऱ्हाटीवाला भाऊ, मी तीस वर्षे आस्थापनेच्या टेबलावर काढली असल्याने आपल्या प्रश्नाचे कागदी उत्तर देऊ शकतो. ते आपल्याला आवडेल असे वाटत नाही.

आपण ऐकलेला नियम आहे, परंतु तो प्रामुख्याने केंद्र सरकारच्या गट अ अधिकाऱ्यांचा म्हणून प्रसिद्ध आहे. अशा अधिकाऱ्याला निवृत्तीनंतर एक वर्षाच्या आत व्यापारी स्वरूपाची नोकरी धरायची असेल, तर सरकारची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. पूर्वी हा काळ दोन वर्षांचा होता, तो पुढे अर्ध्यावर आणला गेला. जिल्हाधिकारी किंवा पोलीस अधीक्षक यांच्यासारख्या अखिल भारतीय सेवांतील अधिकाऱ्यांसाठी १९५८ च्या वेगळ्या नियमांत अशीच तरतूद आहे. म्हणजे ही सरसकट बंदी नसून परवानगीची अट आहे, आणि वर्ष उलटले की परवानगीही लागत नाही.

“व्यापारी नोकरी” या शब्दाची व्याख्या मात्र चांगली रुंद केलेली आहे. कंपनी, भागीदारी संस्था, सहकारी संस्था, एखादा व्यापारी, यांपैकी कोणाकडेही कोणत्याही नात्याने केलेले काम, अगदी एजंट म्हणून केलेले सुद्धा, तिच्यात येते. संचालकपदही येते. “मी नोकर नाही, सल्लागार आहे” ही पळवाटही बुजवलेली आहे, कारण त्या विषयाची व्यावसायिक पात्रता नसताना केवळ सरकारी अनुभवाच्या भांडवलावर सल्ला देणे, पात्रता असली तरी जुन्या पदामुळे पक्षकाराला गैरवाजवी फायदा होईल अशा विषयात सल्ला देणे, किंवा सरकारी कार्यालयांशी संपर्क ठेवण्याचे काम करणे, हे तिन्ही प्रकार व्यापारी नोकरीच मानले जातात. आपल्या साहेबांकडे कृषी पदवी असणार, त्यामुळे पहिला प्रकार त्यांना लागला नसता, पण दुसरा आणि तिसरा त्यांच्यासाठीच लिहिल्यासारखे आहेत. सरकारी मालकीच्या किंवा नियंत्रणाखालील महामंडळातील काम मात्र या व्याख्येतून वगळलेले आहे.

परवानगी देताना मुख्यतः सेवेच्या शेवटच्या तीन वर्षांकडे पाहतात. त्या काळात अधिकाऱ्याच्या हाती संवेदनशील माहिती होती काय, त्याच्या कार्यालयाचे धोरण आणि नव्या मालकाचे हित यांत विरोध येतो काय, त्याच्या सचोटीबद्दल काही शंका आहे काय, हे तपासले जाते. १९७२ च्या केंद्रीय नियमांत अर्ज मिळाल्यापासून साठ दिवसांत सरकारने नकार दिला नाही तर परवानगी मिळाली असे धरण्याची तरतूद होती. आमच्या कार्यालयात साठ दिवसांत आवक-जावक नोंदवहीतून पत्र पुढच्या टेबलावर जात असे, एवढेच येथे नमूद करतो. परवानगीशिवाय नोकरी धरली तर निवृत्तिवेतन पूर्ण किंवा अंशतः रोखता येते.

आता आपली अडचण. आपले साहेब राज्य शासनाचे सेवक होते. त्यांना १९८२ चे महाराष्ट्र नागरी सेवा निवृत्तिवेतन नियम लागू होतात, म्हणून तक्रारीत केंद्राचा नियम उद्धृत करू नये. पहिल्याच पानावर “हा नियम लागू नाही” असा शेरा मारून अर्ज निकाली निघतो, हे मी स्वतः पाहिले आहे. दुसरी अडचण गटाची आहे. तालुका कृषी अधिकाऱ्याचे पद गट ब मध्ये मोडते, त्यामुळे केंद्राचे माप लावले तरी ते त्याच्याबाहेरच राहतात.

माझे मत विचाराल तर हे मापच चुकीच्या जागी धरलेले आहे. वरच्या खुर्च्यांचा विचार कायद्याने पुष्कळ केला आहे. भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक पद सोडल्यावर केंद्राच्या किंवा राज्याच्या सेवेत पुन्हा पद स्वीकारू शकत नाहीत, हे राज्यघटनेच्या १४८ व्या अनुच्छेदातच आहे. वीज नियामक आयोगाच्या सदस्याला २००३ च्या वीज कायद्याप्रमाणे पद सोडल्यावर दोन वर्षे व्यापारी नोकरी धरता येत नाही आणि कोणाच्या वतीने आयोगापुढे उभेही राहता येत नाही. ही दुसरी अट आपल्या प्रश्नाच्या फार जवळची आहे, कारण तिच्यात नोकरीपेक्षा जुन्या कचेरीत पुन्हा पाऊल टाकण्याला अटकाव केलेला आहे. पण तालुक्याच्या गावी वजन गटावरून ठरत नाही, कोणाच्या सहीने कोणाचे काम अडते त्यावरून ठरते. कनिष्ठ अभियंता, मंडळ अधिकारी, गुणनियंत्रणाचे काम पाहिलेला कृषी अधिकारी, ही माणसे निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी ठेकेदाराच्या किंवा कंपनीच्या गाडीत बसली तर कास्तकाराला जेवढा फरक पडतो, तेवढा दिल्लीतील सचिव एखाद्या कंपनीचा संचालक झाल्याने पडत नाही.

काळी कसदार, वाशीम

मी स्वतः कृषी खात्यातून निवृत्त झालो आणि त्यानंतर दोन वर्षे एका जैविक खतांच्या कंपनीत काम केले. त्यामुळे दुसरी बाजू मांडणे माझे कर्तव्य समजतो.

राज्यात अधिकारी अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होतो. मुलीचे शिक्षण चालू असते, घराचे कर्ज फिटलेले नसते आणि अंगात काम करण्याची ताकद असते. पस्तीस वर्षे मातीत फिरून जे कळले ते शासनाला नको असते, कारण आपल्या जागी दुसरा आलेला असतो किंवा, बहुधा, जागा रिकामी ठेवलेली असते. असा माणूस खाजगी क्षेत्रात गेला तर त्यात गुन्हा काय? ज्या कंपनीत शेतीचा माणूसच नसतो, ती कास्तकाराला अधिक फसवते.

पऱ्हाटीवाला यांच्या प्रसंगात मला खरा दोष खुर्ची देणाऱ्यांचा दिसतो. साहेबांनी आपल्या मालकाची बाजू मांडली, ते त्यांचे काम होते. ती बाजू कंपनीचे म्हणणे म्हणून वेगळी न लिहिता समितीचा निष्कर्ष म्हणून लिहिणारा अधिकारी आजही पगार घेतो आहे, आणि त्याला आवरण्यासाठी निवृत्तांवर वर्षाची बंदी घालून काय होणार? तेराव्या महिन्यात साहेब पुन्हा त्याच बाभळीखाली येतील आणि तोच मुलगा पुन्हा उठून उभा राहील.

तरीही एक कबूल करतो. कंपनीत रुजू झालो त्या दिवशी मी सांगून टाकले होते की ज्या तालुक्यात शेवटची नोकरी केली, तेथे मी कंपनीच्या कामाने जाणार नाही. मालकाच्या चेहऱ्यावरून मला कळले की त्याने मला त्याच तालुक्यासाठी घेतले होते. पगार ठरल्यापेक्षा कमी मिळाला.

पऱ्हाटीवाला (यवतमाळ जिल्हा)

काळी कसदार साहेब, आपल्या शेवटच्या परिच्छेदातच माझा प्रश्न आहे. कंपनीला त्यांचे शेतीचे ज्ञान हवे होते की आमचा तालुका हवा होता? ज्ञानच हवे असते तर त्यांना बुलडाण्यात नाही तर गोंदियात नेमता आले असते. ते ज्या कार्यालयात होते तेथे कोणत्या केंद्राविरुद्ध किती तक्रारी आल्या, कोणता नमुना नागपूरच्या बीज परीक्षण प्रयोगशाळेत नापास झाला, कोणता कास्तकार पाठपुरावा करतो आणि कोणता दोन फेऱ्यांनंतर घरी बसतो, हे सगळे त्यांना तोंडपाठ आहे. मला यातले शेवटचे ज्ञान सर्वांत महाग वाटते.

मुलाबाळांचा खर्च मला समजतो. माझ्याही चार एकरांचा खर्च गेला आहे.

आर्णी रोडची वकीलबाई

मी दिवाणी न्यायालयात आणि ग्राहक आयोगात काम करते. वरील चर्चेत तत्त्वाची बाजू पुरेशी आली आहे, म्हणून पऱ्हाटीवाला भाऊंनी प्रत्यक्षात काय करावे तेवढे लिहिते.

सर्वप्रथम पंचनाम्याची साक्षांकित प्रत मागून घ्या आणि उपस्थितांची नावे पाहा. प्रत्येक नावापुढे ती व्यक्ती कोणत्या नात्याने हजर होती हे लिहिलेले असले पाहिजे. साहेबांच्या नावापुढे “कंपनी प्रतिनिधी” असे शब्द नसतील, तर समितीच्या अध्यक्षांकडे तत्काळ लेखी हरकत द्या. तिच्यात साहेबांच्या नोकरीबद्दल एक अक्षरही न लिहिता एवढेच म्हणा की खोल पेरणीचे मत कंपनीच्या प्रतिनिधीचे आहे, समितीने पेरणीची खोली कोठे व किती ठिकाणी मोजली याची नोंद नाही, आणि त्याच दिवशी पेरलेल्या लगतच्या शेताची पाहणी झालेली नाही. हरकतीची पोचपावती शिक्क्यानिशी घ्या. पुढे आयोगात उभे राहिल्यावर हा कागद साहेबांवरील दहा आरोपांपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

बिल, बॅगेवरचा टॅग आणि लॉट क्रमांक जपून ठेवा. सोयाबीनच्या बियाण्याची उगवणशक्ती किमान सत्तर टक्के असावी लागते. कंपनी बहुधा असा बचाव घेईल की बियाण्याची प्रयोगशाळेत तपासणी झालेली नाही, म्हणून दोष सिद्ध होत नाही. त्यावर सर्वोच्च न्यायालयाचा २०१२ चा राष्ट्रीय बीज निगमाच्या प्रकरणातील निर्णय आहे. शेतकरी ग्राहक ठरतो, आणि सगळे बियाणे पेरणाऱ्या शेतकऱ्याने तपासणीसाठी त्यातले राखून ठेवावे अशी अपेक्षा करता येत नाही, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. बियाणे निरीक्षकाने १९६६ च्या बियाणे कायद्याखाली त्या लॉटचा नमुना घेतला असेल तर त्याचे तीन भाग होतात, एक विक्रेत्याला, एक विश्लेषकाला आणि एक निरीक्षकाकडे. तो अहवालही मागवता येतो. ग्राहक आयोगात जाण्यास कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे.

साहेबांच्या नोकरीचा प्रश्न वेगळ्या अर्जाने विचारा. आपल्या राज्यात माहिती अधिकाराचा अर्ज एका विषयापुरता आणि दीडशे शब्दांत बसवावा लागतो, म्हणून तक्रारीची कहाणी न लिहिता नेमके मागा: सदर पदावरून निवृत्त होणाऱ्यास खाजगी नोकरीसाठी पूर्वपरवानगीची अट लागू आहे काय, असल्यास त्या नियमाची प्रत, आणि संबंधितांनी तशी परवानगी मागितल्याची कार्यालयात नोंद आहे काय. उत्तर तीस दिवसांत यायला हवे. न आल्यास प्रथम अपील, आणि पुढे राज्य माहिती आयोगाच्या अमरावती खंडपीठाकडे दुसरे अपील करता येते.

आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधते. नोकरी निवृत्तीनंतर मिळाली असली तरी तिचे बोलणे सेवेत असतानाच झाले होते काय, हा प्रश्न कायद्याच्या दृष्टीने अधिक गंभीर आहे. सेवेतील माणसाने कामात सवलत देण्याच्या बदल्यात पुढच्या नोकरीचे आश्वासन स्वीकारले असेल, तर १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ च्या दुरुस्तीने आलेल्या “अनुचित लाभ” या शब्दात ते बसू शकते. तसेच १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांतील सत्ताविसावा नियम सेवाकाळातील गंभीर गैरवर्तनासाठी निवृत्तीनंतरही चौकशीची वाट ठेवतो, मात्र शासनाची मंजुरी लागते आणि चार वर्षांपेक्षा जुनी घटना उकरता येत नाही. परंतु यासाठी पुरावा लागतो. एखादा नमुना दडपला गेल्याचे कागद हाती असतील तरच या वाटेने जा. नुसत्या संशयावर लिहिलेला अर्ज आपल्यावरच अब्रुनुकसानीचा दावा ओढवून घेईल. येथेही त्यांचे किंवा कंपनीचे नाव लिहू नका. आतापर्यंत लिहिले नाही हे योग्यच केले.

आस्थापना शाखा (निवृत्त), अमरावती

वकीलबाईंनी सत्ताविसाव्या नियमाचा उल्लेख केला म्हणून एक राहिलेली गोष्ट जोडतो. या सर्व नियमांचा दात निवृत्तिवेतनात आहे. नियम मोडला तर निवृत्तिवेतन रोखू, एवढीच शासनाच्या हातातील काठी. आता १ नोव्हेंबर २००५ नंतर राज्याच्या सेवेत आलेल्या बहुतांश कर्मचाऱ्यांना १९८२ चे नियम लागूच नाहीत, कारण त्यांच्यासाठी अंशदानाची वेगळी योजना आली. केंद्रात हीच रेषा १ जानेवारी २००४ ची आहे. ही पिढी निवृत्त होऊ लागेल तेव्हा रोखायचे काय, याचा विचार आजच करायला हवा.

बांधकाम आणि पाटबंधारे खात्यांनी यावर जुनाच एक उपाय योजलेला आहे. त्यांच्या पुष्कळ निविदांच्या अटींत असे छापलेले असते की अभियांत्रिकी खात्यातील राजपत्रित अधिकाऱ्याने निवृत्तीनंतर ठरावीक मुदतीत शासनाच्या लेखी परवानगीशिवाय ठेकेदारी केली, किंवा ठेकेदाराने अशा माणसाला कामावर ठेवले, तर करार रद्द होऊ शकतो. येथे शिक्षा माणसाला नसून ठेकेदाराच्या खिशाला आहे. तसेच “राजपत्रित” म्हटल्याने गट ब मधील राजपत्रित अधिकारीही जाळ्यात येतो. बियाणे आणि कीटकनाशकांच्या विक्री परवान्यात अशीच अट घालण्यास काय हरकत आहे, हे मला कळत नाही. अर्थात अट छापलेली असणे आणि कोणी ती वाचणे यांत आमच्याकडे बरेच अंतर असते.

काळी कसदार, वाशीम

परवान्यातील अटीला माझा विरोध नाही. तिची व्याप्ती जुन्या कार्यक्षेत्रापुरती ठेवावी, जिल्हा म्हणा किंवा उपविभाग म्हणा, आणि मुदत दोन खरीप हंगामांची असावी. वर्ष मोजण्यापेक्षा हंगाम मोजलेले बरे, कारण मार्चमध्ये निवृत्त झालेल्या माणसाचे वर्ष एकाच खरिपात संपते. त्या काळात त्याने राज्यात अन्यत्र हवे तेथे पोट भरावे.

पऱ्हाटीवाला (यवतमाळ जिल्हा)

सर्वांचा आभारी आहे. पुढे काय झाले ते सांगतो.

पंचनाम्याची प्रत मिळाली. साहेबांचे नाव “उपस्थित शेतकरी व इतर” या सदरात माझ्या नावाच्या खालीच आहे आणि पुढे नाते लिहिलेले नाही. वकीलबाईंनी सांगितल्याप्रमाणे हरकत दिली आणि पोच घेतली. समितीने पुन्हा पाहणी करावी अशी विनंतीही केली, पण आता त्या चार एकरांपैकी दोन एकर मोडून मी तीळ टाकला आहे, त्यामुळे पाहायला फारसे उरलेले नाही. मोडण्यापूर्वी शेजाऱ्याच्या वावरासह फोटो काढून ठेवले आहेत.

माहिती अधिकाराचा अर्ज एकशे अठरा शब्दांत बसला. तो मी सोमवारी कार्यालयात दिला. गुरुवारी बाजाराच्या दिवशी साहेब बसस्थानकाजवळ भेटले. त्यांनी नेहमीसारखी चौकशी केली, तुरीवर मर दिसते काय ते विचारले, पाणी साचणाऱ्या तासांत काय करायचे ते समजावून सांगितले, आणि मी म्हणेन की सल्ला योग्यच होता. निघताना खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “अर्ज टाकला म्हणे तुम्ही. मला आधी विचारले असते तर मीच सांगितले असते.”

कार्यालयाचे उत्तर मला अद्याप आलेले नाही.